साठचा बोअर

वाशीम जिल्ह्यात आसेगाव एकच नाही. रिसोडकडे आसेगाव पेन आहे, मंगरूळपीर तालुक्यात आमचं. पाहुणा बरोबर आसेगावात उतरला की नाही हे ओळखायला आमच्याकडे कित्येक वर्षं एक खात्रीची खूण होती : वाऱ्याची दिशा पाहायची, निळा धूर शोधायचा आणि धुराच्या मुळाशी जायचं. मुळाशी मोठेबाबा. हातात पान्हा, नाकावर घसरलेला चष्मा, आणि पायजम्याच्या डाव्या मांडीवर ऑइलचा डाग. उजवी मांडी मात्र पांढरीशुभ्र, कारण डिपस्टिक ते नेहमी डावीकडेच पुसतात. मोठ्या आईनं डाव्या मांडीची आशा सोडून दिली आहे.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आणि धूर त्यांच्या कंटेसाचा.

गाडीला ते कंटेसा म्हणत नाहीत, गाडीही म्हणत नाहीत. 'स्पोर्ट' म्हणतात. "स्पोर्ट काढतो बाहेर." "स्पोर्टले आज सर्दी हाय." खरं सांगायचं तर ही बाई मूळची विलायतेतली व्हॉक्सहॉल. तिकडे तिचा काळ १९७८ सालीच संपला. मग हिंदुस्थान मोटर्सनं तिला आणलं आणि १९८४ पासून बंगालात उत्तरपाऱ्याला ती कंटेसा नावानं जन्म घेऊ लागली. लांबलचक नाक, रुंद छाती, रुबाब असा की रस्त्यावरची अँबॅसिडर तिच्यापुढे मावशी वाटावी. पण नाकाखाली इंजिन त्या मावशीचंच : १४८९ सीसी आणि जेमतेम पन्नास घोडे. पुढे कंपनीलाच बहुधा लाज वाटली आणि तिनं इसुझूचं १८१७ सीसी इंजिन बसवून नाव 'क्लासिक' ठेवलं. मोठेबाबांची गाडी कंपनीला लाज वाटायच्या आधीची.

पुण्याहून आलेल्या माझ्या चुलतभावानं एकदा जेवताना विषय काढला, की स्पोर्ट कारला दोनच दारं असतात. मोठेबाबांचा घास हातातच राहिला.

"दोन? मंग पावणे कुठी बसवतं? टपावर?"

भाऊ गप्प. मोठ्या आईनं त्याच्या ताटात आणखी एक भाकर टाकली, तेवढीच सांत्वनाची.

१९९१ साली अकोल्याच्या एका जिनिंगवाल्याकडून त्यांनी ती जुनी घेतली. तेव्हापासून आमच्या घरात इसवी सन आणि शके यांच्या जोडीला तिसरी कालगणना सुरू झाली. मोठेबाबांना तारखा आठवत नाहीत, इंजिनाची कामं आठवतात. "तू झाला थ्या साली रिंगा टाकल्या होत्या," हे माझ्या जन्माचं त्यांच्याकडचं एकमेव वर्णन. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा निघाला, तो त्यांच्या लेखी 'वीसच्या बोअरच्या साली' निघाला. ताईचं लग्न चाळीसच्या बोअरला झालं. समृद्धी महामार्गासाठी जमिनी मोजायला माणसं आली तेव्हा बोअर साठचा होता.

ज्यांच्या घरी अशी गाडी नव्हती त्यांच्यासाठी सांगतो. सिलिंडर आतून झिजला की तो मशीनवर जरासा मोठा कापतात आणि तेवढाच मोठा पिस्टन घालतात. माप इंचाच्या हजाराव्या भागात : आधी वीस, मग चाळीस, मग साठ. साठच्या पुढे कापायला भिंतच उरत नाही. मग आत स्लीव्ह ठोकायची आणि पुन्हा स्टँडर्डपासून सुरुवात, म्हणजे माणसानं साठी उलटल्यावर पुन्हा बालवाडीत जायचं. मोठेबाबांच्या इंजिनानं तेही करून झालं होतं.

सकाळचा त्यांचा कार्यक्रम ठरलेला. चहाच्या आधी बॉनेट. डिपस्टिक काढायची, पुसायची, पुन्हा घालायची, पुन्हा काढायची, उन्हाकडे धरायची आणि शेवटी ऑइल दोन बोटांत चोळून हुंगायचं. घरातल्या कोणाची नाडी त्यांनी इतक्या निगुतीनं पाहिलेली नाही. मग गाडी सुरू करून लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरवर टेकवायचं, मुठीकडची बाजू कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मिस्त्री लोक असं आवाज ओळखायला करतात. मोठेबाबा बहुधा समाधी लागावी म्हणून करायचे. पाच मिनिटांनी निदान यायचं.

"टॅपेट हाय. बेअरिंग नोहे."

निदान रोज तेच. पण ते सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो निर्धास्तपणा यायचा, तो आम्हाला परीक्षेचा निकाल लागल्यावरही कधी आला नाही.

मोठ्या आईचा आणि गाडीचा संबंध व्यवहाराचा. उन्हाळ्यात तिला त्या बॉनेटएवढी सपाट, स्वच्छ, तापलेली जागा अख्ख्या वाड्यात दुसरी मिळायची नाही. धुतलेलं धोतर पसरायचं आणि त्यावर मुगवड्या घालायच्या. मोठेबाबांना गाडी काढायची असली तर वड्या वाळेपर्यंत थांबावं लागे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप लागलं की उरलेलं बोटभर ते बॉनेटला लावत. दुसऱ्या दिवशी तोरणाखाली बैलजोड्यांच्या मागे कंटेसा उभी. झडत्या म्हणणाऱ्यांना त्या धुरात ठसका लागायचा, पण रागावलं कोणी नाही. गावातल्या निम्म्या नवऱ्या त्याच गाडीतून मांडवात उतरल्या होत्या. रात्री-बेरात्री अडलेल्या बाईला अकोल्याला पोचवायचं तर दार वाजायचं ते आमचंच. पेट्रोलचे पैसे मोठेबाबांनी कधी मागितले नाहीत. ऑइल तेवढं मागायचे, कारण ऑइल ती पेट्रोलच्याच मापानं प्यायची.

दोन वर्षांमागे दिवाळीनंतर चढावर तिनं दम सोडला. उस्तादनं कंप्रेशन पाहिलं, प्लग काढले, हात पुसले आणि ओट्यावर येऊन बसला. हा उस्ताद म्हणजे गाडीचा मिस्त्री, मोठेबाबांच्या बरोबरीनं म्हातारा झालेला. त्यानं गाडीकडे न पाहता सांगितलं, "बाबूजी, दीवारच नहीं बची. चुना किसको मारते?"

घरात सगळ्यांचं एकमत झालं, की आता विकावी. भंगारवाला तर बोलावल्यासारखा दुसऱ्याच दिवशी हजर. मोठेबाबा एवढंच म्हणाले, "बैल बसला म्हून बंडी जाळतेत का?"

या प्रश्नाला शेतकऱ्याच्या घरात उत्तर नसतं. तरी मी शहाणपणा केला. म्हटलं, मोठेबाबा, इंजिन बदललं तर ती गाडी तीच राहील का?

त्यांनी चष्मा वर केला. "शकुंतला पायली तू?"

मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला जाणारी अरुंद रुळांची शकुंतला. मँचेस्टरला घडलेलं तिचं वाफेचं इंजिन सत्तर वर्षं तिला ओढत होतं. १९९४ साली ते काढलं आणि डिझेलचं लावलं.

"मंग? लोकं काय म्हणत, शकुंतला गेली? शकुंतलाच म्हणत ना? आमी त्याच डब्ब्यात बसलो, त्याच गतीनं गेलो."

शकुंतला धावायची थांबली त्यालाही आता बरीच वर्षं झाली, हे माझ्या तोंडावर आलं होतं. मोठ्या आईनं डोळ्यांनी दाबलं.

सोयाबीनला भाव नव्हता, तरी तुरीचे पैसे आले तसे मोठेबाबा आणि उस्ताद अकोल्याला गेले. तीन दिवस तिथली भंगाराची दुकानं पालथी घालून एक इसुझू घेऊन आले, एका मेलेल्या अँबॅसिडर १८०० आयएसझेडमधून काढलेलं. अँबॅसिडरलाही पुढे हेच इंजिन मिळालं होतं. म्हणजे हृदय पुन्हा मावशीचंच, फक्त यावेळी धडधाकट. गिअरबॉक्स सोबत, पाच गिअरचा. मोठेबाबांना पाचव्या गिअरचं इतकं अप्रूप, की इंजिन टेम्पोतून उतरायच्या आधी त्यांनी तिथंच दांडी हलवून तो पडतो का पाहिलं.

अंगणातल्या कडुनिंबाला चेनपुली बांधली. त्या फांदीला नागपंचमीचा झोका असतो, म्हणून मोठ्या आईनं आधी हरकत घेतली आणि मग फांदी भार सोसते का हे बघायला स्वतःच खाली उभी राहिली. जुनं इंजिन साखळीला लटकत वर आलं. काळं, चिकट, खालून थेंब-थेंब ऑइल गाळत. अख्खी गल्ली जमली होती, पण कोणी बोलेना. एका पोराला हसू आलं तर त्याच्या बापानं चापट मारली.

पुढचे अडीच महिने मी सांगत नाही. इसुझूचे पाय कंटेसाच्या खुरात बसत नव्हते, म्हणून माउंटिंग नवीन कापावी लागली. प्रोपेलर शाफ्ट लांब पडला. सायलेन्सरच्या पाइपानं स्टिअरिंगशी भांडण काढलं. रेडिएटर दोनदा बदलला. मोठेबाबा रोज रात्री जेवताना प्रगती सांगायचे आणि प्रत्येक प्रगतीनंतर 'फक्त' हा शब्द यायचा. "झालं सारं, फक्त क्लचची केबल." "आता फक्त एक नट." त्या एका नटापायी ते अमरावतीला जाऊन आले.

मग वाशीमचं आरटीओ. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ : गाडीत असा बदल करायचा तर मंजुरी घ्यावी लागते आणि आरसीवर तशी नोंद होते. मोठेबाबांनी काम आधी केलं होतं. साहेबानं कारण विचारलं तर म्हणाले, "बाळ झाल्यावरच नाव ठेवतेत ना, साहेब?" साहेब तरुण होता. वाशीमचे नंबर एमएच-३७, अकोल्याचे एमएच-३०. मोठेबाबांच्या पाटीवर दोन्हींच्या आधीची तीन अक्षरं. तो बराच वेळ त्या पाटीकडे शिलालेख वाचावा तसा पाहत होता. बारा खेपा झाल्या. पंधरा वर्षांवरच्या गाडीचा पर्यावरण कर मोठेबाबांनी मात्र तक्रार न करता भरला. गाडीनं आजवर केलेल्या धुराच्या मानानं स्वस्त पडला, असं त्यांचं मत.

कागदांसाठी इंजिन नंबरची छाप लागते. ती घेताना मी होतो. त्यांनी ब्लॉकवरची ती जागा रॉकेलच्या बोळ्यानं पुसली, वहीचा पातळ कागद त्यावर ठेवला, अंगठ्यानं ताणून धरला आणि सुताराची चपटी पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं घासली. आधी नुसता करडा पट्टा. मग त्यातून एकेक आकडा पांढरा उमटत गेला. ती छाप त्यांनी मला दिली, "फाइलीत लाव" म्हणाले. आणि दुसरा कागद घेऊन कोपऱ्यातल्या जुन्या इंजिनाकडे गेले. त्या नंबरची छाप कोणी मागितली नव्हती. ती त्यांनी घडी करून सातबाऱ्यांच्या पिशवीत ठेवली.

नोंद झाल्यावर आम्ही शेलूबाजारहून समृद्धीवर चढलो. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, तेव्हापासून मोठेबाबांचं स्वप्न तेच : एकशेवीसची परवानगी असलेला रस्ता आणि स्पोर्ट. आमच्या अंगात सुई टोचायच्या आधी असते तशी भीती. गाडी ऐंशीला पोचली. धूर नाही. थरथर नाही. मागून एक पांढरी मोटार आली आणि सुं करून निघून गेली. मोठेबाबा शांतपणे म्हणाले, "त्याले घाई हाय." पाचवा गिअर पडला तेव्हा त्यांनी स्टिअरिंगवरून हात काढून मिशीवर फिरवला. मी स्टिअरिंग धरलं.

कारंज्याच्या अलीकडे मात्र त्यांनी काच खाली केली, मान तिरपी केली आणि ऐकू लागले. वारा सोडून काही ऐकू येईना. घरी आल्यावर स्क्रूड्रायव्हर लावून पाहिला. तिथंही काही नाही.

"काय म्हणते?" मोठ्या आईनं विचारलं.

"काहीच म्हणत नाही," मोठेबाबा म्हणाले. आवाजात जरा तक्रारच होती.

तेव्हापासून सकाळी त्यांना करमत नाही. डिपस्टिक काढतात, ऑइल काल होतं तेवढंच असतं. दोन-तीनदा उस्तादला फोन करून "एकदा येऊन पाय तरी" म्हणाले. उस्ताद आला, चहा प्याला आणि गेला. गाडीला हात लावायची गरजच पडली नाही. दोघंही थोडे म्हातारे दिसले.

जुनं इंजिन भंगारवाल्यानं किलोच्या भावात तीनदा मागितलं. ते अजून वाड्यात आहे, कडुनिंबाखाली चार विटांवर. वर पाऊस लागू नये म्हणून खताचं पोतं. बाजूला तुळस.

परवाच्या दसऱ्याला मोठेबाबांनी कंटेसा धुतली, झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवली. मोठी आई ताट घेऊन आली आणि गाडीजवळून सरळ पुढे निघून गेली. खाली वाकून तिनं पोतं बाजूला केलं आणि त्या काळ्या ब्लॉकला कुंकू लावलं. कुंकू ऑइलवर नीट टेकेना, म्हणून पुन्हा लावलं. मोठेबाबा पाहत उभे.

"गाडी इकडं हाय," ते म्हणाले.

"मालूम हाय मले." तिनं बोट पाहिलं. अर्धं लाल, अर्धं काळं. इकडं-तिकडं पुसायला काही सापडेना, तेव्हा मोठेबाबांच्या पायजम्याला, उजव्या मांडीवर, नीट दाबून पुसलं आणि मग ती गाडीकडे वळली.