बिनस्टँडच्या सायकलीचा सविस्तर खुलासा

नॉर्थ व्हँकूवर, ब्रिटिश कोलंबिया, कॅनडा

ती. आजोबा व ती. सौ. आजी यांच्या चरणी समस्त कुटुंबाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

धाकट्या चिरंजीवांनी घेतलेल्या डोंगरी सायकलीचे छायाचित्र सदाशिव पेठेत पोहोचल्यापासून तेथून तीन आक्षेप आले आहेत: पहिला, स्टँड, कॅरिअर, चेनकव्हर आणि धड मडगार्डही नसलेल्या सायकलीची किंमत साडेतीन लाख रुपये कशी, दुसरा, एवढी किंमत मोजल्यावरही तिच्यासाठी दर महिन्याला काहीतरी आणावे का लागते, आणि तिसरा, डोंगर चढून पुन्हा खालीच यायचे असेल तर वर जाण्याचे प्रयोजन काय. फोनवर उत्तर देण्याचा प्रत्येक प्रयत्न आजीच्या “पडला तर नाही ना?” या चौथ्या प्रश्नापाशी थांबत असल्यामुळे कुटुंबाने लेखी निवेदनाचा मार्ग पत्करला आहे. मजकुरातील उत्साहाची बाजू चिरंजीवांनी आणि खर्चाची बाजू सूनबाईंनी तपासली असून दोघांना मान्य झालेले तेवढेच येथे ठेवले आहे. त्यामुळे पत्र बरेच आटोपशीर झाले आहे.

प्रथम भूगोल. बरार्ड खाडीच्या उत्तरेला, व्हँकूवर शहरासमोर जी डोंगररांग उभी आहे तिच्या परिसराला नॉर्थ शोअर म्हणतात, आणि तिच्यातील सायप्रेस, फ्रॉम व सीमोर या तीन डोंगरांच्या उतारांवर सायकलींच्या वाटांचे दाट जाळे आहे. येथील पावसाळा महाराष्ट्राच्या उलट, म्हणजे साधारण ऑक्टोबर ते मार्च असा हिवाळ्यातच येतो, आणि सीडर व हेमलॉक या उंच वृक्षांची मुळे जमिनीच्या वर पसरलेली असल्यामुळे त्यांवरून चाक नेणे हे आषाढात शेवाळलेल्या घाटाच्या पायऱ्या उतरण्यासारखे असते. १९९० च्या दशकात टॉड फियांडर, डॅन कोवन आदी हौशी मंडळींनी अशा दलदलीवरून आणि मुळांवरून जाण्यासाठी सीडरच्या फळ्यांचे शिडीसारखे पूल बांधले. पुढे ते पूल अधिकाधिक उंच आणि अरुंद होत गेले आणि ही शैली या परिसराच्याच नावाने जगभर ओळखली जाऊ लागली. वाटांच्या अवघडपणाची खूण पाटीवर दिलेली असते: सोप्या वाटेला हिरवे वर्तुळ, मध्यम वाटेला निळा चौकोन, अवघड वाटेला काळा हिरा आणि अति अवघड वाटेला दोन काळे हिरे. विवाहाला इतकी वर्षे होऊनही घरात हिऱ्यांचा विषय फक्त याच संदर्भात निघतो, अशी सूनबाईंची स्वतंत्र नोंद आहे.

हा खेळ श्रीमंतांच्या दुकानात जन्मला असावा, हा आजोबांचा समज मात्र इतिहासाला धरून नाही. कॅलिफोर्नियातील फेअरफॅक्स गावाजवळ २१ ऑक्टोबर १९७६ रोजी ‘रिपॅक’ नावाची उतारावरची पहिली शर्यत झाली, तेव्हा तिच्यात उतरलेल्या तरुणांकडे प्रामुख्याने दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या धाटणीच्या, जाड टायरांच्या, वजनदार आणि भंगारभावात मिळालेल्या सायकली होत्या. त्यांचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असे व पायडल उलटे दाबल्यावर लागे. एका उतारात तो इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि तुंबा उघडून पुन्हा भरावा लागे. पुढे जो ब्रीझ याने १९७७-७८ मध्ये याच कामासाठी खास सांगाडे घडवले, १९८९ मध्ये स्थापन झालेल्या रॉकशॉक्स कंपनीने पुढच्या चिमट्यात दणका शोषणारी यंत्रणा बाजारात रुळवली, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला प्रवेश मिळाला. तात्पर्य, आजोबांची खडकीच्या कारखान्यात जाणारी ॲटलस सायकल या खेळाच्या मूळपुरुषांच्या बरीच जवळची होती. तिच्या मालकाने ती उतारावरून बेफाम सोडली नाही, एवढाच फरक.

आता पहिल्या आक्षेपातील गायब वस्तूंविषयी. डोंगरवाटेवर सपाट जागा नसल्यामुळे स्टँडचा उपयोग नसतो, उलट तो दगडात अडकतो. म्हणून सायकल जंगलात झाडाला आणि घरी दिवाणखान्याच्या भिंतीला टेकवतात. मागचे चाक दणक्याबरोबर वरखाली होत असल्यामुळे त्यावर नेहमीचा कॅरिअर बसत नाही, आणि गिअर बदलताना चेन आडवी सरकत असल्यामुळे तिला पत्र्याचे घर बांधता येत नाही. पूर्ण मडगार्डमध्ये चिखल, पाने आणि काटक्या अडकून चाकच थांबते, म्हणून पुढच्या चिमट्याखाली प्लॅस्टिकची लवचीक पट्टी तेवढी लावलेली असते. चिखल तोंडावर येऊ नये एवढेच तिचे कार्य असून पाठीची जबाबदारी ती घेत नाही. घंटी मात्र आहे, कारण या वाटांवर चालणारे लोकही असतात. काळ्या अस्वलांना मनुष्याची चाहूल लागावी म्हणून मोठ्याने बोलत राहावे असा सल्ला दिला जातो. या बाबतीत कुटुंबाला कोणताही सराव करावा लागला नाही.

चाकांविषयी आजोबांनी घेतलेली शंका अधिक शास्त्रीय आहे. ॲटलसचे चाक २८ इंची आणि नव्या सायकलीचे २९ इंची, तर मग एका इंचाचे एवढे पैसे कसे, असे त्यांनी विचारले होते. वस्तुस्थिती त्याहूनही अवघड आहे: टायरची कड रिमवर जेथे बसते तेथे मोजलेला व्यास त्या जुन्या २८ इंची चाकाचा ६३५ मिलिमीटर, तर २९ इंची चाकाचा ६२२ मिलिमीटर असतो, म्हणजे नवी रिम जुन्या रिमहून लहानच आहे. २९ हा आकडा टायरसकट मोजलेल्या बाहेरच्या व्यासाचा असून तो सुमारे अडीच इंच जाडीच्या टायरमुळे गाठला जातो. मोठे चाक मुळे आणि दगड सहज ओलांडते, आणि जाड टायरमध्ये हवा कमी ठेवता येते. येथील ओल्या वाटांसाठी ती बहुधा २० ते २५ पीएसआय, म्हणजे रस्त्यावरच्या सायकलीहून बरीच कमी असते, कारण मऊ टायर मुळावर दबून त्याला धरून राहतो, तर कडक टायर उडून निसटतो. एवढ्या कमी हवेत ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटून फुटते, म्हणून ट्यूबच काढून टाकतात आणि टायरमध्ये रबराच्या चिकाचे द्रावण ओततात, जे लहान भोकातून बाहेर येताच घट्ट होऊन भोक बुजवते. हे द्रावण काही महिन्यांत सुकते, म्हणून पुन्हा भरावे लागते. पंक्चरवाल्याकडे बाकावर बसून राजकारणावर चर्चा करण्याची सोय या पद्धतीत राहत नाही. रबर जितके मऊ तितकी पकड चांगली आणि झीज लवकर, हा नियम सूनबाईंनी पावत्यांवरून स्वतंत्रपणे सिद्ध केला आहे.

ब्रेक रिमला न दाबता तुंब्याशेजारच्या पोलादी तबकडीला दाबतात, कारण रिमला चिखल लागतो आणि ओल्या रिमवर रबर घसरते. ब्रेकची मूठ दाबल्यावर तारेऐवजी नळीतील द्रव पुढे सरकतो व त्यामुळे एका बोटाच्या बळावर सायकल थांबते; लांब उतारावर तबकडी तापून ब्रेक मंदावू नये म्हणून ती सुमारे २०० मिलिमीटर व्यासाची घेतात. येथे एक सूचना महत्त्वाची आहे: भारतात पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, तर उत्तर अमेरिकेत तो डाव्या हाताला बसवण्याची रीत आहे. पुण्याच्या सवयीचा हात घेऊन येणाऱ्या पाहुण्यांनी हे ध्यानात न ठेवल्यास सायकल जागेवर थांबते आणि पाहुणे पुढे जातात.

दणका शोषणाऱ्या यंत्रणेला सस्पेन्शन म्हणतात. पुढच्या चिमट्यात आणि सांगाड्याच्या मध्यभागी बसवलेल्या नळकांड्यांत दाबलेली हवा स्प्रिंगचे काम करते व तेल तिच्या उसळीला आवर घालते. स्वार नुसता बसल्यावर मागची नळी आपल्या एकूण हालचालीच्या पंचवीस ते तीस टक्के दबली पाहिजे, असा दंडक आहे, आणि हवेचा दाब त्यानुसार, म्हणजे स्वाराच्या वजनानुसार, एका छोट्या पंपाने ठरवावा लागतो. आजीने पाठवलेला फराळ पोहोचल्यानंतर हा दाब वाढवावा लागला, आणि चिरंजीवांनी सुरुवातीला त्याचे कारण थंड हवामान हे दिले होते.

गिअरच्या बाबतीत पुढे एकच दातेरी चक्र असून मागे १० पासून ५२ दातांपर्यंत बारा चक्रे असतात. सर्वांत हलक्या गिअरवर पायडलची एक पूर्ण फेरी मारूनही मागचे चाक पाऊण फेरीसुद्धा पुरे करत नाही, त्यामुळे चढावर स्वाराची गती पायी चालणाऱ्याइतकी, पण चेहरा मात्र कामात असल्यासारखा राहतो. उतारावर सीट शरीराच्या आड येते, म्हणून हँडलवरची कळ दाबून सीट खाली नेणारा ‘ड्रॉपर’ नावाचा दांडा आता सर्रास वापरतात. सूनबाईंच्या मते संपूर्ण सायकलीत हा एकच भाग असा आहे की ज्याचा उपयोग पहिल्या वाक्यात समजतो.

आजीच्या चौथ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. परंतु ब्रिटिश कोलंबियात सायकलस्वाराला १९९६ पासून कायद्यानेच हेल्मेट सक्तीचे असून चिरंजीवांचे हेल्मेट मागून मानेच्या वरपर्यंत उतरणारे आहे. त्यात आत एक सरकणारा पातळ थर असतो, ज्यामुळे डोके तिरकस आपटल्यास हेल्मेट किंचित फिरते आणि मेंदूला बसणारा पीळ कमी व्हावा अशी योजना असते. गुडघ्यांना गाद्या बांधलेल्या असतात. हळदीचे दूध घरी उपलब्ध आहे.

दुसरा आक्षेप दैनंदिन जीवनाशी निगडित आहे. चिखलातून आलेली सायकल मुलांच्या आधी धुतली जाते, तीही बादली आणि ब्रशाने, कारण जोराच्या फवाऱ्याने पाणी बेअरिंगमध्ये शिरते. चेन किती झिजली हे पट्टीसारख्या मापकाने तपासतात, आणि ती अर्धा-पाऊण टक्का लांबली की बदलतात, कारण लांबलेली चेन तिच्याहून कित्येक पट महाग अशी मागची चक्रे खाऊन टाकते. तेलाला चिखल चिकटतो म्हणून काही शौकीन चेन वितळलेल्या पॅराफिन मेणात बुडवतात. सूनबाईंनी वरणासाठी आणलेले मंद आचेचे विजेचे भांडे कोणत्या कामी आले, याचा उलगडा यावरून व्हावा. वरण सध्या कुकरमध्ये होते.

एवढ्या अनुभवांती घरात एक निवाडा झाला असून तो दोन्ही पक्षांवर बंधनकारक आहे. जी वस्तू जमिनीला, ब्रेकला किंवा स्वाराच्या डोक्या-गुडघ्याला भिडते तिच्यावर खर्च करण्यास परवानगी विचारावी लागणार नाही. टायर, ब्रेकचे गुटके, हेल्मेट आणि गुडघ्याच्या गाद्या यात येतात. जी वस्तू केवळ वजन कमी करते, रंग जुळवते किंवा शेजारच्या सायकलस्वाराकडे आहे म्हणून हवीशी वाटते, तिच्यासाठी एक हिवाळा थांबावे लागेल. कार्बनची हँडलबार आणि जांभळ्या रंगाचे पायडल सध्या या दुसऱ्या वर्गात प्रतीक्षेत आहेत. टायरमधली हवा योग्य ठेवण्याला काहीच खर्च येत नाही आणि सायकलीच्या वागण्यात तेवढा फरक कोणत्याही महागड्या सुट्या भागाने पडत नाही, हे चिरंजीवांनीही लेखी मान्य केले आहे.

उरला तिसरा आक्षेप. फ्रॉम डोंगरावर मातीच्या वळणावळणाच्या रस्त्याने तासभर चढायचे आणि झाडीतल्या वाटेने त्याच्या एका अंशात खाली यायचे, हा व्यवहार हिशेबात तोट्याचा दिसतो. परंतु उतरताना नजर पुढच्या वळणावर, ब्रेक वळणाच्या आधी आणि वजन दोन्ही चाकांच्या मधोमध ठेवावे लागत असल्यामुळे कार्यालय, घराचे हप्ते आणि सोसायटीच्या बैठका यांपैकी काहीही डोक्यात शिरू शकत नाही. सिंहगड चढून पिठलं-भाकरी खाऊन परत येणाऱ्या पुणेकरांना असल्या निष्फळ चढाईचे समर्थन खरे तर करून सांगावे लागू नये. शिवाय या वाटा आपोआप टिकत नाहीत. १९९७ मध्ये स्थापन झालेली नॉर्थ शोअर माउंटन बाइक असोसिएशन स्वयंसेवकांकडून त्यांची दुरुस्ती करून घेते: पाण्याला चर काढणे, वाहून गेलेल्या जागी दगड बसवणे, बादल्यांनी माती वाहून नेणे. पुण्याच्या वाड्यात अंगणातला पाचोळाही कधी न उचललेले चिरंजीव रविवारी पावसात फुकट माती वाहतात, ही बातमी आजोबांना खोटी वाटण्याचा संभव असल्याने फावड्यासह छायाचित्र सोबत जोडले आहे. गडकिल्ल्यांवर जे श्रमदान चालते त्याचाच हा प्रकार असून सूनबाईंचा याला पूर्ण पाठिंबा आहे, कारण त्या दिवशी काही विकत आणले जात नाही.

तरी विनंती अशी की लक्ष्मी रोडवरून घेतलेला स्टँड आणि कॅरिअर पार्सलने पाठवू नयेत. त्याऐवजी चेन पुसण्यासाठी जुन्या धोतराचे तुकडे पाठवावेत, कारण तेवढे मऊ कापड येथे कोणत्याही दुकानात मिळत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये वाटा कोरड्या असतात, तेव्हा आजोबांनी अवश्य यावे. हिरव्या वर्तुळाची वाट आणि त्यांच्या मापाचे हेल्मेट तयार ठेवले जाईल, फक्त उतारावर डावा हात जपून वापरावा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपले आज्ञाधारक,
समस्त कुटुंब