बंड्याजी, अंदर आइए

नोएडातल्या आमच्या सेक्टरमध्ये मला माझ्या नावाने ओळखणारं कोणी नाही. गेटवरच्या गार्डपासून रहिवासी संघाच्या अध्यक्षांपर्यंत सगळ्यांसाठी मी ‘बंड्या के पापा’. केंद्र सरकारात उपसचिवपदापर्यंत पोचून निवृत्त झालो, पण मदर डेअरीच्या बूथमागे जन्मलेल्या एका तांबूस गावठी कुत्र्याने ती सगळी कमाई पुसून टाकली. जनावरांच्या दवाखान्यात तर एवढाही मान नाही. फायलीवर नाव ‘बंड्या कुलकर्णी’, हाक येते ‘बंड्याजी, अंदर आइए’ आणि मागून पाकीट चाचपत येणारा इसम तो मी.

या दवाखान्यातल्या डॉक्टरांची मला खरोखर दया येते. पेशंट बोलत नाही आणि त्याच्या वतीने बोलणारा खरं बोलत नाही.

बाहेरच्या बाकांवर बसलं की याची खात्री पटते. सायबेरियातल्या बर्फात गाड्या ओढणारा हस्की दिल्लीच्या पंचेचाळीस अंशांत आणून वर ‘इसका अलग एसी है जी’ असं सांगणारे गृहस्थ तिथे असतात. शेजारी एक पग. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या तळव्यांना. बाकी अंग थंड करायचं ते धापा टाकून. पगाचं नाक इतकं चपटं, की बिचाऱ्याला धापा टाकतानाही धाप लागते.

पलीकडे लॅब्राडॉरच्या मम्मींची जबानी चालली होती.

“क्या खाया?”

“कुछ नहीं जी.”

डॉक्टर नुसत्या बघत राहिल्या.

“बस, दो बिस्किट.”

डॉक्टर अजून बघतच होत्या.

“थोड़ा सा बटर चिकन. पर धोके दिया था!”

डॉक्टरांनी शांतपणे स्वादुपिंडाची तपासणी लिहून दिली. तुपकट खाण्याने तिथे सूज येऊ शकते आणि ग्रेव्हीतला कांदा कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. तो काही नळाखाली धरून जात नाही.

पेशंटच्या आहाराची चौकशी दिल्लीत तशी जुनीच. लाल किल्ल्यासमोरच्या लाल मंदिरात जैन समाजाचं पक्ष्यांचं धर्मादाय रुग्णालय आहे, १९२९ सालापासूनचं. कबुतरं-पोपट तिथे दाखल होतात. मांस खाणाऱ्या शिकारी पक्ष्यांवर मात्र बाहेरच्या बाहेर उपचार. शेवटी जखमी घारींसाठी वजीराबादच्या नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद या भावांनी आपल्या घरीच दवाखाना थाटला. त्यांच्यावरचा ‘ऑल दॅट ब्रीद्स’ हा माहितीपट २०२३ साली ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. घार मांस खाते ते उघडपणे खाते. धुऊन खाल्लं असं तरी सांगत नाही.

त्या दिवशी बंड्याने जेवणाकडे पाठ फिरवली होती आणि आई हट्टाने आमच्याबरोबर आली होती. आई परळची. तिच्या लेखी जनावरांचा दवाखाना एकच, बैलघोडा, म्हणजे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय. १८८६ साली मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं तेही तिथेच, हे ती डॉक्टरांना हिंदीत ऐकवत असताना थर्मामीटर बंड्याच्या ज्या ठिकाणी गेला, त्याबद्दल बंड्याने माझ्याकडे बघितलं. पारा १०२.

“अगं बाई! पॅरासिटामॉल द्या त्याला!” आई.

“नॉर्मल है, माताजी,” डॉक्टर म्हणाल्या. कुत्र्याचं अंग १०१ ते १०२.५ असतंच. पॅरासिटामॉल मात्र घरच्या घरी देऊ नका. कुत्र्याला घातक ठरू शकतं आणि मांजराला तर अर्धी गोळीही जिवावर बेतू शकते.

मग कानामागे गोचीड सापडला. गोचीड तापात प्लेटलेट घसरतात, म्हणून रक्त घेतलं. पोटावरचे केस भादरून सोनोग्राफी झाली. “माझ्या पित्ताच्या खड्यांना एवढं केलं नव्हतं,” आईने नोंदवलं.

“खाने में कुछ अलग?”

“छे हो! मी कशाला देऊ?” आईची मराठी अशा वेळी फार ठाम असते. डॉक्टर बघत राहिल्या. “बेसनाचा लाडू था. मैंने सिर्फ नैवेद्य दिखाया. उसने खाया.”

लाडवाला वर मनुका होता. द्राक्षं आणि मनुके कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. झालं! लघवीचा नमुना आणा, पहाटेचा, स्वच्छ भांड्यात.

डॉक्टरांनी हे अगदी सहज सांगितलं. एरवी दर खांबाला मान देणारा बंड्या, मी मागे ओगराळं घेऊन चालतोय म्हटल्यावर संन्यस्त झाला. त्याने पाय उचलला की मी वाकायचो. मी वाकलो की तो पाय खाली घ्यायचा. योगा करणारे सगळे काका आसनं सोडून उभे राहिले. “भाईसाहब, ये आप लोगों की कोई पूजा है?” एकाने आदराने विचारलं. मी होकार दिला. तेवढ्यात बंड्याला अध्यक्षांच्या गाडीचं चाक दिसलं आणि पूजा सफल झाली.

मूत्रपिंडं ठणठणीत निघाली, प्लेटलेट मात्र खरंच घसरल्या होत्या. डॉक्सीसायक्लिनचा कोर्स मिळाला, साधारण चार आठवड्यांचा. बंड्या आता बरा आहे आणि मी पूर्ववत पापा आहे.

तेव्हा वाचकहो, सोनोग्राफी पोटात डोकावते, रक्ततपासणी प्लेटलेट मोजते. पण लाडवाचा पत्ता घरच्या माणसानेच सांगावा लागतो. दवाखान्यात जाताना काय खाल्लं, किती आणि केव्हा, हे नीट आठवून जा. उलटीचा फोटो मोबाईलवर काढून न्या, लाजू नका. माणसांच्या गोळ्या माणसांनाच ठेवा. आजींनाही जरूर बरोबर न्या. फक्त त्यांची उलटतपासणी घरीच उरकून घ्या.