बंड्याला वाचून दाखवणे

डिडकॉट, ऑक्सफर्डशायर
डिसेंबरातला रविवार, दुपारचे चार (बाहेर अंधार)

ती. मावशीस,


बंड्याला हार्वेलला नोकरी लागली आणि मार्चमध्ये तो बायको-मुलीला घेऊन आमच्या डिडकॉटलाच राहायला येतोय, हे आईने फोनवर सांगितलं. आनंदाच्या भरात मी त्याला एका रात्रीत चार लांबलचक मेसेज लिहिले. त्याने चारही मेसेजना अंगठा दाखवला. हल्ली अंगठा म्हणजे 'वाचलं' असा अर्थ असतो म्हणे. पण मी त्याला तो दोन वर्षांचा असल्यापासून ओळखते. त्याचा अंगठा जुन्या अर्थाचाच. म्हणून हे पत्र तुला. तो जेवायला बसला की हातातला मोबाइल काढून घे आणि वाचून दाखव.

सगळ्यात आधी त्याला सांग की गावाचं नाव घेतलं की लोक हसतील. लंडनमध्ये कुणाला 'डिडकॉट' म्हटलं की, 'हो हो, एकदा गाडी बदलायला उतरलो होतो,' एवढंच ऐकू येतं. आपण मनमाडबद्दल बोलतो ना, अगदी तसं. डग्लस ॲडम्स आणि जॉन लॉइड या दोघांनी 1983 साली एक विनोदी कोश काढला. ज्या गोष्टींना इंग्रजीत शब्दच नाही, त्यांना गावांची नावं वाटून टाकायची, अशी त्याची कल्पना. त्यात डिडकॉटच्या वाट्याला काय आलं? टी.सी. तिकिटाला चिमटा मारतो तेव्हा खाली पडतो तो कपटा! पुढे 2017 मध्ये आकडेमोड करणाऱ्या कुणा मंडळींनी इंग्लंडभरची माहिती चाळून डिडकॉट हे देशातलं सर्वांत 'नॉर्मल' गाव असल्याचा निकाल दिला. त्याच्या दुसऱ्याच वर्षी कुणीतरी रस्त्यावरच्या पाट्यांवर इतर गावांच्या जोडीला बेमालूम अक्षरांत 'नार्निया', 'गॉथम सिटी' अशी नावं चिकटवून ठेवली. आम्ही तेव्हा नुकतेच आलो होतो. हे गाडी चालवत होते. 'पुढे नार्निया लागतंय,' असं मी म्हटलं, तेव्हा यांना वाटलं, हिला विमानप्रवास बाधला.

पण मावशी, डोंबिवलीकराला याचं काय ते दुःख? 'डोंबिवलीला राहतो' म्हटल्यावर पार्ल्याच्या नातेवाइकांच्या चेहऱ्यावर जे उमटायचं, ते बघतच आपण मोठे झालो. 2014 मध्ये आपल्याकडे हिरवा पाऊस पडला तेव्हा अख्खा महाराष्ट्र हळहळला, आणि तू फोनवर म्हणालीस, 'गच्चीवरचे पापड तेवढे वाचले.' तीच वृत्ती इथे कामी येते.

इथे कोळशावरचं मोठं वीजकेंद्र होतं. 1970 च्या सुमाराला सुरू झालं, 2013 मध्ये बंद पडलं. त्याचे सहा अवाढव्य बोडके मनोरे मैलोन् मैल दिसायचे. बाहेरचे लोक त्यांना देशातली कुरूप वास्तू म्हणत आणि गावकरी त्यांच्यावरून ओळखत की घर जवळ आलं. तीन मनोरे 2014 मध्ये पाडले. उरलेले तीन 18 ऑगस्ट 2019 ला, रविवारी भल्या सकाळी पाडले. आम्हीही टेकाडावर जाऊन उभे राहिलो, थर्मासात चहा घेऊन. काही सेकंदांत तिन्ही खाली बसले. शेजारच्या आजोबांनी डोळे पुसले आणि म्हणाले, धूळ गेली. धूळ अजून आमच्यापर्यंत पोचायची होती. त्या पाडकामात उडालेला काही भाग विजेच्या तारांवर आदळला आणि आसपासच्या हजारो घरांची वीज गेली. वीजकेंद्र जाताना वीज घेऊन गेलं. 2016 मध्ये मात्र तिथल्याच एका इमारतीचं पाडकाम चालू असताना चार कामगार दगावले होते. तो विषय निघाला की इथे कुणी विनोद करत नाही. बंड्यानेही करू नये.

आता घर. आपल्याकडच्या बिल्डरच्या जाहिरातीत 'स्टेशनपासून 5 मिनिटे' असतं ना, ते इथेही असतं. ते अंतर कोण, कशातून आणि किती वाजता मोजतं हे कळायला मार्ग नाही. आम्हाला घर दाखवणाऱ्या एजंटाने 'टेन मिनिट्स' सांगितलं होतं. पहिल्या दिवशी मी साडी नेसून नव्हे, चांगले बूट घालून निघाले, तरी सत्तावीस मिनिटं लागली. तेव्हा बंड्याने घर घेण्याआधी एकदा स्वतः चालून बघावं, तेही पावसात. स्टेशनचं नाव डिडकॉट पार्कवे. 1985 मध्ये हे 'पार्कवे' नावाला जोडलं, म्हणजे इथे गाड्या लावा आणि रेल्वेने जा. गाडी लावायचे पैसे महिनाभराचे जोडून बघितले की माणूस आपोआप सायकल शिकतो.

बंड्याला स्वतःला रेल्वे लागणार नाही. हार्वेलला बस जाते. तिथे डायमंड म्हणून एक यंत्र आहे, अर्ध्या किलोमीटरहून जास्त घेराचं कडं, त्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने गरगर फिरतात. बंड्या त्याचं नक्की काय करणार, हे मी त्याला विचारलं होतं. त्याने वीस मिनिटं समजावलं. मी शेवटी 'जेवणाची सोय आहे ना?' असं विचारलं.

रेल्वे लागणार ती सूनबाईला. तिचं ऑफिस लंडनला, आठवड्यातून दोन दिवस जायचं. तिला सांग, वर्षाचा पास काढू नकोस. वर्षाच्या पासाला चाळीस आठवड्यांचे पैसे पडतात, ते रोज जाणाऱ्याला परवडतात. तिने फ्लेक्सी पास घ्यावा, 28 दिवसांत कुठल्याही 8 दिवसांचा. 2021 मध्ये निघाला तो, घरून काम करणाऱ्यांसाठी. आणि गाडी 15 मिनिटं किंवा त्याहून जास्त उशिरा पोचली तर तिकिटाचे थोडे पैसे परत मिळतात, अर्ज करावा लागतो. त्यामुळे आपल्या माणसाची इथे विचित्र अवस्था होते. गाडी बारा मिनिटं रखडली की डब्यातले इंग्रज कपाळाला आठ्या घालतात आणि मी मनातल्या मनात देव पाण्यात घालते की अजून तीनच मिनिटं, फक्त तीन. नेमकी चौदाव्या मिनिटाला पोचते!

डोंबिवली ते सीएसटी 48 किलोमीटर, फास्ट लोकलला तासाच्या वर. डिडकॉट ते पॅडिंग्टन 85 च्या आसपास, जलद गाडीला 40-45 मिनिटं. हे ऐकून बंड्या हुरळून जाईल. पण जलद गाड्या ब्रिस्टल नाहीतर वेल्सहून भरून येतात. इथूनच सुटणारी एक 'डिडकॉट लोकल' असते, रिकामी, खिडकी हमखास. ती वाटेत इतक्या ठिकाणी थांबते की लंडन यायला तासाहून जास्त जातो. म्हणजे कल्याणला जाऊन रिटर्न मारायचं की दारात लटकायचं, हा जो प्रश्न आपण डोंबिवलीत सोडून आलो असं वाटलं होतं, तो सात समुद्र ओलांडून आमच्या आधी येऊन बसलाय. फलाटावर बघ, सकाळी सव्वासातला माणसं तीन-तीनच्या पुंजक्यात उभी असतात, मधली जागा मोकळी. दार नेमकं कुठे येणार हे त्यांना ठाऊक असतं. मी पहिल्याच दिवशी तो पुंजका ओळखला आणि त्यात जाऊन उभी राहिले. एकाने मानेने दाद दिली. इथे यापलीकडे ओळख वाढत नाही.

सूनबाईला हेही सांग की डब्यात भजन नाही, गवार निवडणं नाही, 'जरा सरकून घ्या' म्हणून चौथी सीट नाही. सीट दोघांची असेल तर दोघांचीच, आणि तिसरा दारात उभा राहील पण विचारणार नाही. सहा वर्षं समोर बसणाऱ्या बाईचं नाव मला माहीत नाही. तिच्या डब्यातला सॅलडचा वार मात्र माहीत आहे. दसऱ्याला मी एकदा पर्समधून आपट्याचं पान काढलं (आईने पाकिटातून पाठवलेलं, सुकलेलं) आणि तिला दिलं. तिने ते पुस्तकात खूण म्हणून घातलं. अजून आहे.

रविवारी कुठे जाणार असाल तर आधी बघून ठेवा. मेगाब्लॉक इथेही असतो, फक्त त्याला गोड नाव आहे आणि रेल्वेच्या ऐवजी बस मिळते. ती बस सगळ्या स्टेशनांच्या दारात जाऊन येते, गावोगावच्या गल्ल्यांतून, लग्नाची आमंत्रणं वाटत निघाल्यासारखी.

भाड्याच्या घराला पागडी, हेवी डिपॉझिट असलं काही नाही. अनामत फार तर पाच आठवड्यांच्या भाड्याइतकी (फारच महागडं घर असेल तर सहा), आणि मालकाने ती 30 दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवायलाच हवी. बंड्याने त्याची पावती मागून घ्यावी. आत शिरताना प्रत्येक भिंतीचे फोटो काढावेत, डाग आधीचा की फोडणीचा हा वाद नंतर उभा राहतो. कौन्सिल टॅक्स नावाचा कर असतो, तो तुमचं घर 1 एप्रिल 1991 रोजी केवढ्याला गेलं असतं यावर बसतो. आमचं घर 1991 मध्ये नव्हतंच, तिथे शेत होतं. तरी कुणीतरी डोळे मिटून ते तेव्हा तिथे उभं केलं आणि किंमत ठरवली. ज्योतिष्याकडे गेल्यासारखं वाटतं.

कचऱ्याचं मात्र नीट लिहून घे. एका आठवड्यात पुनर्वापराचा हिरवा डबा, दुसऱ्या आठवड्यात बाकीचा कचरा, खरकट्याची छोटी बादली दर आठवड्याला, आणि बागेच्या पालापाचोळ्याचा तपकिरी डबा वेगळे पैसे भरून. आपल्याकडे एकादशी कधी आहे हे जसं एका घराला ठाऊक असतं आणि बाकीची चाळ त्यांना विचारते, तसं आमच्या गल्लीत ते शेजारचे आजोबा. ते संध्याकाळी जो डबा बाहेर काढतात, तोच सगळे काढतात. एकदा ते चुकले. अख्ख्या गल्लीत पंधरा दिवसांचा कचरा राहिला, आणि कुणी त्यांना एक शब्द बोललं नाही. हेच आजोबा अजून आपला पत्ता बर्कशायर सांगतात. डिडकॉट 1974 मध्ये ऑक्सफर्डशायरात गेलं, ते त्यांना कुणी विचारून केलेलं नाही.

बंड्याच्या चिमीच्या शाळेचा अर्ज 15 जानेवारीच्या आत करायचा असतो. ही मंडळी मार्चमध्ये येणार, म्हणजे ती तारीख हुकणार आणि जिथे जागा उरेल ती शाळा. घाबरू नकोस. आमच्या धाकटीलाही उरलेलीच मिळाली होती आणि आता ती माझं इंग्रजी सुधारते. वेळेत अर्ज करणाऱ्यांना शाळा कुठली ते 16 एप्रिलला कळतं. 1853 मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला आपली पहिली गाडी सुटली तीच तारीख. काका असते तर त्यांनी हे मला तीनदा सांगितलं असतं. आणि त्यांना मीही सांगितलं असतं की डिडकॉटचं स्टेशन त्याच्याही नऊ वर्षं आधीचं, 1844 चं. स्टेशनला लागून जुन्या इंजिनांचं मोठं संग्रहालय आहे. सात फुटी रुंद रुळांचा एक तुकडाही त्यांनी पुन्हा घालून ठेवलाय. काकांना तिथून जेवायला घरी आणणं मला जमलं नसतं.

डाळ, तांदूळ, कणीक इथल्या मोठ्या दुकानांत मिळतं. ताजा कढीपत्ता, कोवळी भेंडी हवी तर रेडिंगच्या ऑक्सफर्ड रोडवर जायचं नाहीतर ऑक्सफर्डच्या काउली रोडवर. गणपतीला आणि नाटकाला लंडनचं महाराष्ट्र मंडळ आहे, 1932 पासूनचं. पॅडिंग्टनहून बेकरलू, मग ज्युबिली लाइन बदलून डॉलिस हिल. बंड्याला ते पाठ करायला लाव, कारण मंडळात पोचल्यावर त्याला सगळे पहिला प्रश्न विचारतील की कुठून आलात, आणि 'डिडकॉट' म्हटलं की दुसरा विचारतील, 'ते कुठे आलं?' तेव्हा 'लंडनजवळ' म्हणू नये. 'डोंबिवलीच्या पुढे' म्हणावं. मी तेच म्हणते.

तू उन्हाळ्यात ये. जन्मभर अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचत आलीस, तर तुला ॲगाथा ख्रिस्तीच्या थडग्यापर्यंत नेते. लंडनच्या बाजूला लोकलचं पुढचंच स्टेशन, चोल्सी. चर्चच्या कोपऱ्यात शांत पडलीय.

काकूला नमस्कार, आईला सांग फोन करते. चिमीला गोड पापा.

तुझी,
बेबी

ता. क. — माझ्या पाच लिटरच्या कुकरची रिंग. दोन पाठव. बंड्याजवळ देऊ नकोस, तो अंगठा दाखवेल. सूनबाईच्या पर्समध्ये घाल.