राणी झिजली, भाव वाढला

पुण्याच्या जुन्या बाजारात व्हिक्टोरियाचा चांदीचा रुपया हातात घ्या. राणीचं नाक सपाट, मुकुटाच्या जागी टेंगूळ, ‘१८६२’मधला दोन अंधारात. विक्रेता मात्र ठाम: "काका, दीडशे वर्षांचं नाणं आहे, पाच हजारांच्या खाली परवडत नाही!" वयावरच भाव ठरत असता, तर आमच्या वाड्याचा जिना कोट्यधीश झाला असता.

खरं तर हे साल टांकसाळीनं पुढं दहाएक वर्षं तसंच कोरत ठेवलं, त्यामुळे असे रुपये ढिगानं पडले. मुंबईच्या नाण्यांवर नेमकं वर्ष ओळखायचं ते बारीक ठिपक्यांवरून. ते तर कधीच पुसलेत. उरली चांदी. कोरा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोब्बर तोळा, त्यात बारापैकी अकरा भाग चांदी. झीज वजा करा, सराफाचा भाव लावा, झालं. चिंच लावून चकचकीत केलेला असेल, तर दोन पैसे आणखी कमी.

हे सगळं विक्रेत्याला ठाऊक नाही असं समजू नका. तोच रुपया त्याला विकायला जा. खिशातून काटा निघतो, भिंग निघतं, चेहरा पडतो: "फार घासलाय हो. मोडीच्या भावानं घेतो."