कोरड्या डोळ्यांचं तेलपाणी

मे महिन्यात रावेरचा पारा ४५ च्या घरात गेला की केळीच्या बागांनाच पाणी पुरत नाही, तिथे माझ्या डोळ्यांची काय कथा! आत वाळू गेल्यागत खुपायचं, आणि मधूनच घळाघळा पाणी वाहायचं. ‘रडताय कशाला?’ या हिच्या प्रश्नावर ‘डोळे कोरडे पडलेत म्हणून’ हे माझं उत्तर वैद्यकीयदृष्ट्या अचूक होतं, पण घरात कुणाला पटेना.

डॉक्टरांनी खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून ५ मिनिटं बसवलं. ती १० मिलिमीटर तरी भिजायला हवी, माझी ५ सुद्धा भिजली नाही. नापास व्हायची सवय शाळेपासूनचीच. पापण्यांच्या कडेला बारीक ग्रंथी असतात, त्यांतलं तेल अश्रूंवर सायीसारखं पसरून त्यांना उडू देत नाही, तुमच्या तुंबल्यात. तेव्हा गरम पाण्याच्या घडीनं शेका, थेंब घाला, मोबाइल बघताना पापण्या लववत जा, असं ते म्हणाले. मला त्यातलं ‘तेल’ तेवढं ऐकू आलं.

डोळ्यांना तेल मिळावं म्हणून, त्यातल्या ओमेगा-३ साठी, मी जवसाची चटणी कळण्याच्या भाकरीवर, वरणात, पोह्यांत आणि हिचं लक्ष नसताना नुसतीच बकाणे भरून खाल्ली. गुण आला, पण डोळ्यांच्या बराच खाली. मग समजलं, जवसातल्या ओमेगा-३ आम्लापासून शरीर माशातलं ओमेगा-३ अगदी थोडंच बनवतं. म्हणजे थेट मासाच हवा! घरात आई माळकरी. म्हणून माशाच्या तेलाची कॅप्सूल केळ्यात खुपसून गिळायला लागलो, कारण रावेरात केळं खाणाऱ्याचा संशय घेणार कोण? आणि सप्ताहाच्या कीर्तनात, टाळ थांबून बुवा गजर सुरू करणार एवढ्या शांततेत, मला ढेकर आला. तो थेट समुद्रातून आला होता. बायकांच्या बाजूनं आईनं एकदाच पाहिलं आणि माझ्या डोळ्यांना पाणी आलं.

पुढे वाचनात आलं की अमेरिकेत ५३५ रुग्णांना वर्षभर, कुणाला काय ते न सांगता, काहींना रोज ३ ग्रॅम माशाचं ओमेगा-३ आणि बाकीच्यांना साधं ऑलिव्ह तेल देऊन पाहिलं. २०१८ साली निकाल लागला: दोन्ही गटांना बरं वाटलं, आणि जवळजवळ सारखंच. मी हरखून हिला म्हणालो, ‘तेल कुठलंही चालत असेल, तर आपलं शेंगदाण्याचं काय वाईट?’

‘ते तर जन्मभर भरितावर ओतून घेताय,’ ती म्हणाली. ‘कधी डोळे उघडले?’