लेबलवाचक

लेबलवाचक हा शहरी ग्राहकांमध्ये अलीकडे फोफावलेला प्रकार. चाळिशीनंतरच्या तपासणीत रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारा एचबीएवनसी ५.९ टक्के, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, निघाला की दुसऱ्या दिवशी तो तयार होतो. त्याची खूण म्हणजे दंडावरची नाण्याएवढी चकती. त्वचेखालच्या द्रवातली साखर ती १४ दिवस मोजते आणि आकडे मोबाइलला कळवत राहते. पोह्यांनी आपली साखर चढते, बायकोची चढत नाही, हा शोध त्याला घरीच लागतो. (तिच्या दंडावर चकती कुणाच्या हौसेने आली, याची नोंद नसते.) एकच पदार्थ खाऊन प्रत्येकाची साखर वेगवेगळी चढते, हे इस्रायलच्या वाइझमन संस्थेने २०१५ साली ८०० जणांच्या अभ्यासातून दाखवले होते. हा दाखला तो वाण्याच्या गल्ल्यासमोर, मागे रांग खोळंबलेली असताना देतो.

सुपरमार्केटमध्ये त्याचा मुक्काम बिस्किटांच्या फळीपाशी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, हे त्याला पक्के ठाऊक. त्यामुळे ‘मल्टीग्रेन’ पुड्यावर पहिलाच मैदा सापडला की चोर पकडल्याच्या आनंदात तो पुडा परत ठेवतो. गूळ घातला म्हणून ‘बिनसाखरेचा’ ठरलेला लाडू त्याच्यापुढे टिकत नाही. चिवड्याच्या पाकिटावर एका वेळचे प्रमाण ३० ग्रॅम धरलेले असते, आणि ३० ग्रॅमला थांबणारा चिवडाखाऊ त्याने अजून पाहिलेला नाही. ही विद्या खरी आहे. त्याच्या तावडीत सापडलेल्यांनाही ती उपयोगी पडते.

घोडे अडते मंडईत. मेथीच्या जुडीला लेबल नसते. तंतू किती, असे विचारल्यावर भाजीवाल्या मावशी ‘घ्यायची तर घ्या’ एवढेच पोषणमूल्य सांगतात. ॲपमध्ये ब्रोकोली असते, अंबाडी नसते; नोंदवता येत नाही म्हणून अंबाडी राहते. आकडे छापलेले असतात पाकिटांवर, त्यामुळे पाकिटे टाळायला निघालेल्या या गृहस्थाची पिशवी शेवटी प्रोटीन बार आणि ओट्सच्या पाकिटांनीच भरते. ज्वारी दळून आणण्याचे काम घरातल्या बिनचकतीच्या माणसांकडे राहते.

चकतीचे १४ दिवस संपले की नवी कधी लावायची, हे तो स्वतः ठरवतो. घरात हापूसची पेटी असताना चकती लावल्याचे कुणी पाहिलेले नाही.