काटकसरी फिल्टरशोधक

हौशी निसर्गछायाचित्रकारांचे जे अनेक पोटप्रकार आढळतात, त्यांत काटकसरी फिल्टरशोधक हा सर्वांत चिकाटीचा आणि सर्वांत कमी छायाचित्रे काढणारा प्रकार होय. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून असलेल्या बपेऱ्यासारख्या गावात तो विशेष जोमाने वाढतो. कारण पावसाळ्यात रोवणी, म्हणजे धानाच्या पऱ्ह्यांची लावणी, सुरू झाली की येथील बांध्यांत, म्हणजे धुरे घालून पाणी अडवलेल्या शेताच्या तुकड्यांत, सकाळ-संध्याकाळ अख्खे आकाश उतरते, आणि ते टिपायला गेलेल्याच्या कॅमेऱ्यात एक तर आभाळ पांढरेफटक पडते किंवा धुरे काळेकुट्ट होतात.

या दुखण्यावरील जुना उपाय म्हणजे ग्रॅज्युएटेड फिल्टर. त्याचा वरचा भाग करडा व खालचा पारदर्शक असल्यामुळे आकाशाचा उजेड तेवढा अडतो आणि जमिनीला धक्का लागत नाही. हा अडवलेला उजेड ‘स्टॉप’ या मापाने मोजतात व दर स्टॉपला तो निम्मा होतो. परंतु एक, दोन आणि तीन स्टॉपांच्या फिल्टरांवर काही उत्पादक ०.३, ०.६ व ०.९ असे घटीचे लॉगॅरिदम छापतात, तर काही २, ४ व ८ असे, म्हणजे उजेडाचा कितवा हिस्सा आत येतो ते, छापतात. फिल्टरशोधक अर्थातच ४ आकड्याचा फिल्टर चार स्टॉपांचा समजून मागवतो, दोनच स्टॉप हाती आल्यावर दुकानदाराने निम्मे खाल्ले असे जाहीर करतो, आणि पुढील खरेदी सहा महिने लांबणीवर टाकतो.

त्याची पहिली खरेदी नेहमी गोल, भिंगावर फिरवून बसवण्याच्या फिल्टरची असते, कारण त्याला धारक, म्हणजे भिंगापुढे फिल्टर धरून ठेवणारी चौकट, लागत नाही व तेवढे पैसे वाचतात. या फिल्टरातील करड्याची सीमा बरोबर मध्यावर असते आणि ती वरखाली सरकत नाही, त्यामुळे भावाभावांनी वडिलोपार्जित शेत वाटून घ्यावे तसे त्याच्या प्रत्येक चित्रात आकाश व जमीन यांना निम्मानिम्मा हिस्सा मिळतो. ही अडचण दूर करण्यासाठीच चौकोनी पट्टी धारकात वरखाली सरकवण्याची सोय असते. फ्रान्सच्या जाँ कोकँ यांनी १९७८ साली बाजारात आणलेल्या ‘कोकिन’ पद्धतीने ती सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात आणली. तिच्यातील सुमारे ८४ मिलिमीटर रुंदीची मधली मालिका बहुतेक साध्या भिंगांना पुरते. फिल्टरशोधक मात्र त्याहून लहान मालिका स्वस्त म्हणून घेतो, आणि रुंद कोनाच्या भिंगात धारकाच्या कडा शिरून चारी कोपरे काळे पडले की ती आपली शैली असल्याचे सांगतो.

यापुढील टप्पा रंगाचा आहे. उत्तम फिल्टरचा करडा रंग सर्व रंगांचा उजेड सारखाच कमी करतो, तर हलक्या प्लॅस्टिकच्या फिल्टरातील रंगद्रव्य तांबडा उजेड अधिक सोडते आणि ढगांवर जांभळट झाक येते. डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथील मॅंगनीजच्या खाणी याच तालुक्यात असल्यामुळे बपेऱ्याच्या फिल्टरशोधकाला शास्त्रीय कारण शोधायला दूर जावे लागत नाही. त्याच्या मते आकाश मुळातच तसे आहे, हवेत खनिज आहे. काच घरीच काजळीवर धरून फिल्टर बनवण्याचा त्याचा प्रयोगही याच काळातला असून त्याची नोंद मुख्यतः घरातील मंडळींच्या बोलण्यात सापडते.

धुऱ्यावरून जाणारा शेतकरी त्याला दरवर्षी विचारतो, “भाऊ, फोटो निंगाला का?”, आणि दरवर्षी उत्तर येते, “अजून सेलची वाट पाहून रायलो.” तोपर्यंत तो कठोर सीमा, म्हणजे करडा एकदम संपणारी, व मऊ सीमा, म्हणजे करडा हळूहळू विरत जाणारी, यांची तुलना करण्यात गढलेला असतो. वास्तविक त्याचा निकाल गावाच्या शिवारातच लागतो: बावनथडी नदीच्या मोकळ्या पात्रासारखे क्षितिज सपाट असेल तर कठोर सीमा चालते, पण धुऱ्यावर पळस-मोह उभे असतील किंवा मागे टेकड्या असतील तर ती झाडांचे शेंडे काळे करते, म्हणून तेथे मऊच हवी. गडदपणाचेही तसेच, पाण्यातील प्रतिबिंब मूळ आकाशाहून साधारण एक-दोन स्टॉपांनी अंधारे असते, त्यामुळे तीन स्टॉपांचा फिल्टर लावला तर आकाश स्वतःच्याच प्रतिबिंबापेक्षा काळे दिसण्याचा धोका राहतो.

तात्पर्य, बांध्यांतले आकाश टिपू पाहणाऱ्या काटकसरी माणसाने दोन स्टॉपांची, मऊ सीमेची, चौकोनी राळेची एकच पट्टी बऱ्या प्रतीची घ्यावी, ती आपल्या सर्वांत मोठ्या भिंगाला पुरेल अशी पाहावी, लहान भिंगांसाठी स्वस्त जोडकड्या वापराव्यात, आणि धारकाला पैसे नसतील तर कॅमेरा तिपाईवर ठेवून पट्टी हाताने धरावी. एवढेही नको असेल तर एकदा आकाशासाठी व एकदा जमिनीसाठी अशी दोन छायाचित्रे घेऊन संगणकावर जोडावीत, त्याला फिल्टरच लागत नाही. निर्णय मात्र रोवणीपूर्वी व्हावा, कारण धान वाढून पाणी झाकले गेले की बांधीतले आकाश पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोणत्याही किमतीला मिळत नाही.